चालू ठेवलेली गाडी

आत असताना बाहेरचा आवाज थांबला.

डॉक्टर चारुलताचे दोन्ही हात त्या वेळी बाळंतपणात अडलेल्या जयवंताच्या पोटावर होते. काय झालं ते आधी तिला कळलंच नाही. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. चुलीतलं लाकूड तडकल्याचं ऐकू आलं, परसात एक कोंबडी माती उकरत होती तेही ऐकू आलं, आणि कुडाच्या भिंतीला टेकून बसलेली अंबाबाई, जयवंताची सासू, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती त्यातले शब्दसुद्धा वेगळे कळायला लागले. मग तिच्या लक्षात आलं की गाडी बंद पडली. गेलं वर्षभर ज्या ज्या घरात ती गेली त्या त्या घराच्या दाराशी तो आवाज उभा असायचा, आणि तो असला की बाकीचं सगळं जरा लांबून ऐकू यायचं. आता जयवंताचा श्वास अगदी कानाशी होता. तिनं बॅगेतून लाकडी नळी पुन्हा काढली, पोटावर टेकवली आणि कान लावला. मघाशी तिनं ऐकलं होतं तेव्हा काही लागलं नव्हतं, पण तेव्हा बाहेर इंजिन धडधडत होतं आणि आवाज सापडत नाही म्हणजे आवाज नाहीच, असं म्हणायला तिचं मन धजावलं नव्हतं. या वेळी सगळं शांत होतं. तिनं जागा बदलली, पुन्हा बदलली. आईची नाडी तेवढी पळत होती. तिच्यामागं दुसरं काही नव्हतं. मूल आडवं होतं, त्याचा एक हात पहाटेच बाहेर आला होता, आणि त्याचं हृदय थांबलं होतं. आणि या शांततेतच तिला एक विचार शिवून गेला, तो तिनं लगेच बाजूला सारला: या वर्षभरात आपण जे जे कान लावून ऐकलं, ते सगळं त्या आवाजातून ऐकलं.

ती गाडी म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं कल्याणच्या तळावर लिलावात काढलेल्या जीपगाड्यांतली एक. तिचे वडील, तात्या, गेले त्याच वर्षी तिनं ती घेतली. तात्यांनी कर्जतला तीस-एक वर्षं वकिली केली, आणि मुलगी डॉक्टर होऊन गावातच परतली याचा त्यांना इतका अभिमान होता की त्यांनी आपल्या पक्षकारांची बसायची खोली रिकामी करून तिला दवाखान्यासाठी दिली. ते गेल्यावर घरात ती, एक स्वयंपाकीणबाई आणि औषधांचा वास एवढंच उरलं. खालापूरच्या बाजूच्या वाड्यांतून बोलावणं आलं की बैलगाडीनं पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा, म्हणून जीप. चारी चाकांनी ओढणारी, नांगरटीतून, ओढ्यातून, दगडगोट्यांतून कुठूनही जाणारी. बाई मोटार हाकते हे बघायला सुरुवातीला पोरं धावायची. मग तेही सरलं. गाडीची एकच खोड होती. सकाळी गार असताना पायानं कळ दाबायचा अवकाश, लगेच सुरू. पण पाच-सहा मैल चालून तापली आणि बंद केली, की मग नाही. तास-तासभर नाही. कर्जतच्या स्टेशनाजवळच्या मिस्त्रीनं कॉईल बदलली. पनवेलच्या एकानं कार्बुरेटर उघडून साफ केला. तिसऱ्यानं बॅटरीवर ठपका ठेवला. दर वेळी ती संध्याकाळी गाडी त्यांच्याकडे सोडायची, आणि सकाळी ती गार गाडी पहिल्याच दाबाला सुरू व्हायची. मग मिस्त्री फडक्याला हात पुसत तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचा, ती तिच्या ओळखीची होती. दवाखान्यात आलेले नवरे आपल्या बायकांकडे तसे बघत: दुखतं म्हणते, कुठं दुखतं ते सांगता येत नाही.

म्हणून तिनं गाडी बंद करणंच सोडून दिलं. डॉक्टर म्हणून तिला पेट्रोलची कुपनं थोडी जास्त मिळत, ती अशी दारोदार धूर होऊन जात. पण हळूहळू तिच्या ध्यानात आलं होतं की त्या चालू गाडीचा आपल्याला उपयोगही होतो. घरातली माणसं पाट मांडायची, घोंगडी अंथरायची, आणि ती उभ्याउभ्याच म्हणायची, "नको, गाडी चालू आहे." यापुढं कोणी आग्रह करत नसे. घरी कोण असतं, लग्न का नाही केलं, एकटीला भीती नाही वाटत का, हे सगळे प्रश्न त्या चार शब्दांपाशी थांबायचे. एकटेपणाची तिला लाज नव्हती, पण तो कोणी हातात घेऊन उलटसुलट करून बघावा हे तिला सोसत नसे. खरं तर तिनं एकटी राहायचं ठरवलेलं नव्हतंच. पुण्याला शिकत असताना उमा आणि ती एका खोलीत राहायच्या, आणि दोघींनी मिळून दवाखाना काढायचा हे इतकं पक्कं होतं की पाटीवर कोणाचं नाव आधी यावर त्यांचं एकदा भांडणही झालं होतं. उमाचं म्हणणं, चारुलता हे नाव लांब आहे, ते खाली शोभेल. मग उमाचं लग्न ठरलं, आणि ती इतकी आनंदात होती की चारुलतालाही तिच्यासाठी आनंद झाला. तो आनंद खरा होता याबद्दल तिला अजूनही शंका नव्हती. फक्त त्यानंतर तिनं दुसऱ्या कोणाबरोबर काही ठरवलं नाही.

ती बाहेर आली. अंगणात वैशाखाचं ऊन नुसतं पेटलेलं होतं. जीपच्या नाकाडावरची हवा थरथरत होती, आणि तिच्यापाशी सहदेव उभा होता, जयवंताचा सासरा, डोक्याला मुंडासं, दोन्ही हात मागं बांधून.

"गाडी आपोआप थांबली?"

"नाय बाय. मी बंद केली."

"तुम्ही? तुम्हाला कशी बंद करता आली?"

"लढाईच्या वक्ताला मिलटरीच्या तळावर लाकडं टाकायला जायचो. तवा बघितलंय. ही कळ फिरवली का गप व्हते."

"पण का केली?"

सहदेव जमिनीकडे बघत म्हणाला, "ती चालू व्हती तवर जीव थाऱ्यावर नव्हता. आता जातील, मंग जातील, आसं वाटं. काल सुईन बघून गेली, ती पुन्हा आली नाय. वैदू आला, तो पन गेला. सदू, माझा ल्योक, मुंबईला गिरनीत. म्हनलं तुमी तरी ऱ्हावं."

तिला रागवायचं होतं, पण या म्हाताऱ्यानं त्या आवाजाचा अर्थ बरोबर लावला होता. "सहदेवबाबा," ती म्हणाली, "मूल आडवं आहे. इथं माझ्या हातून सुटका व्हायची नाही. पनवेलच्या दवाखान्यात न्यायला हवं, नाहीतर तुमची सूनही जाईल. आत्ताच्या आत्ता. आणि ही गाडी गरम असताना एकदा बंद केली की सुरू होत नाही."

सहदेवचे मागं बांधलेले हात सुटले.

तिनं बसून ती कळ उलट फिरवली आणि पायाची कळ दाबली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण पेटलं नाही. पुन्हा दाबली. तिसऱ्या खेपेला बॅटरीचा सूर उतरल्यासारखा वाटला, तसा तिनं पाय काढला. आणखी दहा वेळा दाबून बॅटरी संपली असती आणि मग तासाभरानं गार झालेली गाडीसुद्धा हलली नसती. एरवी अशा वेळी ती खाली उतरायची आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली छत्री उघडून बसायची. इतक्या वेळा बसली होती, पण तापलेल्या, मेलेल्या गाडीचं झाकण उघडून तिनं कधी बघितलं नव्हतं. गाडीकडे पाठ करूनच बसायची. हिवतापाचा रोगी ताप चढलेला असताना बघावा, उतरल्यावर तो तुमच्याआमच्यासारखाच दिसतो, हे तिनंच नव्या कंपाउंडरला सांगितलं होतं. आत जयवंता ओरडली आणि मध्येच थांबली. चारुलतानं नाकाडाच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि झाकण वर उचललं.

धग तोंडावर आली. तेल, रबर आणि पेट्रोल यांचा मिळून एक उग्र वास. एवढ्या लोखंडात बघायचं काय, असं क्षणभर झालं, आणि मग तिनं स्वतःला रोगी तपासताना विचारते तसं विचारलं: हिला जगायला काय लागतं? ठिणगी आणि पेट्रोल. दोन्हींपैकी एक पोचत नाही. कोणतं? बॅगेतले रबरी हातमोजे तिनं हातांत चढवले, एका प्लगवरची वायर उपटली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून जरासं अंतर ठेवून धरलं.

"बाबा, आत बसा. उजव्या पायाशी लोखंडी बटण आहे, ते दाबा. पुरे म्हटलं की सोडा."

सहदेवनं दाबलं. टोकाशी निळी ठिणगी उडाली, पुन्हा उडाली, नियमानं उडत राहिली. "पुरे." म्हणजे कॉईल निर्दोष होती; नवी बसवली तीही आणि जुनी काढून टाकली ती बिचारीसुद्धा. राहिलं पेट्रोल. तिनं सीटखालचा पाना काढला, सहदेवला विडी पेटवू नका असं सांगितलं, आणि कार्बुरेटरला येणाऱ्या नळीचा आटा सैल केला. पेट्रोल यायला हवं होतं. आला नुसता गरम श्वास, फुसफुसता, आणि त्यामागून दोन-चार थेंब, तेही कढत. तिनं नळीवरून मोज्याचं बोट मागं मागं नेलं. तांब्याची नळी, बाकीच्या गाडीपेक्षा नवी. पहिली फुटली असेल तेव्हा कोणीतरी हाताला लागली ती बसवून दिली होती, हवी त्याहून वीतभर लांब. ती जास्तीची लांबी मध्ये झोळीसारखी लोंबत होती आणि तिचं पोट थेट धुराच्या नळकांड्यावर टेकलेलं होतं. टेकलं होतं तिथं तांबं काळंनिळं पडलं होतं.

इतकंच होतं. गाडी चालू असताना पंख्याचा वारा लागायचा, टाकीतून गार पेट्रोल येत राहायचं, आणि निभायचं. थांबली की सगळ्या इंजिनची धग त्या नळीत आणि शेजारच्या पंपात शिरायची, पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची, आणि पंप बापडा नुसती वाफ ओढत बसायचा. वर्षभर ती ज्याला घाबरत होती ते एवढंसं होतं, आणि उघड्यावर होतं. तिला हायसं वाटलं नाही. उलट काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटलं, पण काय ते बघायला वेळ नव्हता.

"अंबाबाई! पाणी आणा, आणि फडकी!"

अंबाबाईनं घागर आणली, जुन्या लुगड्याचे टरटर पट्टे फाडले. चारुलतानं पट्टे भिजवून पंपावर आणि नळीवर गुंडाळले. तापलेल्या नळकांड्यावर पाणी पडू नये एवढं तिनं बजावलं. वाफ निघाली. पट्टी लगेच गरम झाली. ती काढायची, दुसरी ठेवायची. अंबाबाईला ते काम सांगावं लागलं नाही. तिनं चारुलताला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः पट्ट्या पिळून ठेवू लागली, आणि ठेवता ठेवता त्या गाडीशी बोलू लागली, "उतरंल हां, उतरंल. आता उतरंल." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता. चारुलता आत जाऊन जयवंताची नाडी बघून आली. वेगानं, पण भरीव. पुन्हा बाहेर. सहदेवनं कोणी न सांगताच कुडातली बांबूची एक कामटी उपसून आणली. तिनं नळी उचलून धरली आणि त्यानं ती कामटीला चिंधीनं बांधून नळकांड्यापासून दूर केली. पंपाच्या पोटाशी हातानं हलवायची एक बारीक दांडी होती. ती तिनं बोटानं वर-खाली केली. आधी पोकळ लागली. पोकळच लागत राहिली. मग एकदम तिच्यात जडपणा आला आणि नळीच्या तोंडातून पेट्रोलची धार तिच्या मनगटावर पडली, गार. पाण्यापेक्षा गार. तिनं आटा घट्ट केला, सांडलेलं सुकू दिलं, आणि कळ दाबली.

गाडी सुरू झाली तेव्हा अंबाबाई मोठ्यानं रडली.

मागं गोधडीवर जयवंता, तिचं डोकं अंबाबाईच्या मांडीवर. सहदेव पुढं चारुलताच्या शेजारी बसला, एका हातानं काच धरून. जीपचं हाकायचं चाक डाव्या बाजूला, अमेरिकेतून आलं तसंच. त्यामुळं पुढं बैलगाडी असली की तिच्यापलीकडचा रस्ता हाकणाऱ्याला दिसत नाही. चारुलता एरवी गाडी हळू करून, उजवीकडे पार झुकून बघायची. आज झुकायला जागा नव्हती. चौकच्या अलीकडे गवताच्या दोन गाड्या पुढं लागल्या, आणि ती थांबणार तोच सहदेव बाहेर डोकं काढून म्हणाला, "थांबा बाय. समोरून लारी हाय." मग, "आता मोकलं हाय. घाला." तिनं घातली. पुढच्या वळणावर पुन्हा, "घाला." तो फक्त रस्ता बघत होता, त्या एका कामाला त्यानं स्वतःला बांधून घेतलं होतं. उजव्या हाताला इर्शाळचा सुळका उन्हात धुरकटला होता. चारुलताच्या मनात आलं, या सीटवर कोणी बसलेलं आपण कधी बघितलंच नाही. बॅग असायची, छत्री असायची. शेजारच्या माणसानं बघायचं आणि आपण त्याच्या शब्दावर पुढं जायचं, ही गोष्ट किती सोपी होती, आणि या क्षणी, मागं एक बाई मरणाशी झगडत असताना, आपल्याला बरं वाटतंय. याची तिला शरम वाटली. पण बरं वाटायचं थांबलं नाही. "मोकलं हाय," सहदेव म्हणाला.

पनवेलच्या सर्जननं फारसं न विचारता ऑपरेशनची तयारी केली. चारुलता मदतीला उभी राहिली. मूल आधीच गेलेलं होतं. जयवंता वाचली. सर्जन टाके घालत होता आणि नर्स त्याच्याजवळ होती, म्हणून मूल चारुलताच्याच हातात राहिलं. तिनं ते कोमट पाण्यानं धुतलं. कोणी सांगितलं नव्हतं. धुतलं, कापडात गुंडाळलं, आणि नर्स रिकामी होईपर्यंत घेऊन उभी राहिली.

बाहेर व्हरांड्यात सहदेव उकिडवा बसला होता. तिला बघून तो उठला नाही.

"ती?"

"ती वाचेल. थोडे दिवस इथं ठेवावं लागेल."

"आनि प्वार?"

तिनं मान हलवली. तो अगदी हळू म्हणाला, "मी गाडी बंद केली म्हनून?"

"नाही," ती म्हणाली. "मी यायच्या आधीच गेलं होतं. तुम्ही गाडी बंद केलीत तेव्हा मी नळी लावून ऐकलं. काही नव्हतं."

"खरं सांगता?"

"खरं सांगते. त्या आवाजात मला नीट ऐकूही आलं नसतं."

त्यानं मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसला का, हे तिला कळलं नाही. आपण आणखी काही बोलावं असं तिला वाटलं. ती त्याच्यापाशी उभी राहिली. आत कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

जयवंता घरी आल्याचं कळलं तेव्हा चारुलता सावरवाडीला, त्यांच्या घरी, गेली. बोलावणं नव्हतं. मधल्या काळात मिस्त्रीनं योग्य मापाची नळी बसवली होती आणि जीप आता भर दुपारीसुद्धा कुठंही सुरू व्हायची. दोन-तीन घरी तिनं ती बंद करून बघितली होती. पण त्या घरच्या माणसांना सवय झालेली, त्यांनी बसा म्हटलं नाही, आणि आपणहून कसं बसायचं ते तिला सुचलं नाही. अंगणात येऊन तिनं कळ फिरवली. आवाज थांबला तशी अंबाबाई लगबगीनं बाहेर आली.

"बिघाडली का वो?"

"नाही. मीच बंद केली."

"मंग?"

"टाके बघायचेत," ती म्हणाली. टाके बघून झाले, जखम भरत होती, ताप नव्हता. एवढ्याला फार वेळ लागला नाही. ओसरीवर येऊन ती उभी राहिली आणि मग, कोणी काही म्हणायच्या आत, कडेला टेकून बसली. सहदेव रानात गेला होता. अंबाबाई थोडा वेळ अवघडून समोर उभी राहिली. काही सुचेना तेव्हा घागर घेऊन विहिरीकडे निघून गेली. समोरच्या आंब्याखाली एक शेरडू बांधलेलं होतं. ऊन सरकत होतं.

जयवंता भिंतीला धरून हळूहळू बाहेर आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. अंबाबाई गेली त्या वाटेकडे तिनं एकदा बघून घेतलं.

"बाय, एक इचारू?"

"विचार ना."

"मला कोनी सांगत नाय. आत्याबाय म्हनतात, गेलं त्याचं नाव काढू नये." ती थांबली. "पोरगा व्हता का पोरगी?"

चारुलतानं तिच्याकडे बघितलं. जयवंता तिच्याकडे बघत नव्हती. लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करत होती.

"मुलगी होती."

"तुमी बघितली?"

"मी धुतली तिला. मीच घेऊन उभी होते."

जयवंताची बोटं थांबली. "कशी व्हती?"

त्या लहानशा दंडावरची सूज आणि काळेपणा चारुलताला दिसत होता. तो तिनं आपल्याजवळच ठेवला. बाकीचं ती आठवू लागली, आणि नवल म्हणजे ते होतं. इतके दिवस न बघता ते तिच्यात राहिलं होतं.

"केस खूप होते," ती म्हणाली. "काळेभोर. ओले झाल्यावर कपाळावर आले होते, ते मी मागं केले. नखं लांब होती, बोटांच्या पुढं आलेली. आणि हनुवटी तुझी. मधे खळगा आहे ना तुझ्या, तसाच."

जयवंतानं आपल्या हनुवटीला हात लावला. तो तसाच राहिला. ती रडली नाही, निदान आवाज करून नाही. विहिरीवर रहाट कुरकुरला.

"जड व्हती?"

"होती. चांगली भरलेली होती. माझा हात अवघडला."

"किती येळ घेतलीत?"

"नर्स येईपर्यंत. बराच वेळ."

"मंग बरं," जयवंता म्हणाली. "म्हंजे कोनी घेतली तरी." आणि मग, अंबाबाईची पावलं वाटेवर ऐकू येऊ लागली तशी, घाईघाईनं तिनं विचारलं, "रंग?"

"तुझ्याहून उजळ," चारुलता म्हणाली.